मातीतील उपलब्ध बोरॉनचे आकडे जुळत नसतील तर काय तपासावे

लक्षणे

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी आपल्या प्रयोगशाळेत एकाच वेळी दिसत असतील, तर दोष जमिनीत नसून मोजणीत आहे असे धरूनच पुढे जावे.

- एकाच पिशवीतील माती सोमवारी ०.४ पीपीएम (म्हणजे किलोभर मातीत इतके मिलिग्रॅम) बोरॉन दाखवते आणि गुरुवारी १.१ पीपीएम. दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे पाठवली तर हा फरक आणखी वाढतो.
- संपूर्ण बॅचमध्ये एकही नमुना ०.५ पीपीएमच्या खाली येत नाही. गगनबावडा, राधानगरी किंवा चंदगडच्या धुपलेल्या जांभ्या जमिनीही ‘पुरेसे’ या रकान्यात जातात.
- कोऱ्या चाचणीचे, म्हणजे मातीशिवाय लावलेल्या ब्लँकचे वाचन दिवसभरात सरकत राहते. सकाळी एक असते आणि दुपारी दुसरे.
- नुकतेच शेणखत किंवा मळीचे कंपोस्ट टाकलेल्या शेतांतील नमुने इतरांपेक्षा ठळकपणे जास्त येतात आणि त्यांचा गाळलेला अर्क पिवळसर किंवा गढूळ दिसतो.
- सगळे नमुने सुरळीत चाललेले असताना मध्येच एखादा ९ किंवा १४ पीपीएमवर उडी मारतो. तोच पुन्हा लावला की शांत होतो.
- ब्लँक वजा केल्यावर काही नमुन्यांची उत्तरे उणे येतात.
- अहवालात बोरॉन भरपूर असते, पण त्याच शेतातील फ्लॉवरचा दांडा आतून पोकळ निघतो किंवा पपईची फळे खडबडीत व वेडीवाकडी होतात. याच्या उलटही घडते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कारखान्यांच्या, महाविद्यालयांच्या आणि खासगी माती परीक्षण प्रयोगशाळांत हाच दोष शोधण्यासाठी मला वारंवार जावे लागते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी नव्या यंत्राची असते. यंत्र दोषी निघाल्याची उदाहरणे माझ्या अनुभवात मोजकी आहेत. उकळण्याचे भांडे, पाणी, शेजारचे टेबल आणि अर्काचा रंग या चार ठिकाणी बहुतेक वेळा उत्तर सापडते, आणि ही चारही ठिकाणे जवळपास फुकटात तपासता येतात.

इतका गोंधळ बोरॉनच्याच बाबतीत का होतो

उपलब्ध बोरॉन काढण्याची आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत बर्जर आणि ट्रूओग यांनी १९३९ मध्ये मांडली. एक भाग माती आणि दोन भाग पाणी पाच मिनिटे उकळायचे, गाळायचे आणि अर्कातील बोरॉन मोजायचे, एवढीच तिची कृती आहे. उकळत्या पाण्यात उतरणारे बोरॉन पिकाला मिळणाऱ्या बोरॉनशी बऱ्यापैकी जुळते, म्हणून ती टिकली. आपल्याकडे कमतरतेची मर्यादा साधारणपणे ०.५ पीपीएम, म्हणजे किलोभर मातीत अर्धा मिलिग्रॅम, अशी धरली जाते.

या मर्यादेवरच्या २५ ग्रॅम मातीत मिळून उपलब्ध बोरॉन असते फक्त १२.५ मायक्रोग्रॅम.  एवढ्या प्रमाणाची भेसळ झाली, तर ती ‘कमतरता’ या शब्दाचे ‘पुरेसे’ करून टाकते. शिवाय बोरॉनची कमतरता आणि विषारीपणा यांच्यातील अंतर इतर अन्नद्रव्यांच्या तुलनेने फार कमी असते, त्यामुळे चुकीच्या आकड्यावर दिलेला बोरॅक्सचा, म्हणजे बोरॉनयुक्त खताचा, सल्ला दोन्ही बाजूंनी महागात पडू शकतो. ऊस पट्ट्यात कमतरता असल्यास हेक्टरी ५ किलो बोरॅक्स देण्याची शिफारस सर्वपरिचित आहे, पण ‘असल्यास’ हा शब्द ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडाच आपल्याला इथे तपासायचा आहे.

पहिली तपासणी: अहवालाचा कागद

काहीही उकळण्याआधी जुने अहवाल समोर घ्यावेत. अर्क कशाने काढला, मोजणी कशावर झाली आणि एकक कोणते, या तीन गोष्टी त्यावर लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे.

जस्त, लोह, मँगनीज आणि तांबे यांच्यासाठी लिंडसे आणि नॉरवेल यांची १९७८ ची डीटीपीए (धातूंना धरून अर्कात आणणारे रसायन) पद्धत सर्वत्र वापरतात. काही ठिकाणी त्याच अर्कातून बोरॉनही मोजून टाकले जाते आणि ते ०.५ च्या मर्यादेशी ताडून पाहिले जाते. ही तुलनाच चुकीची आहे, कारण ती मर्यादा गरम पाण्याच्या अर्कासाठी ठरलेली आहे. डीटीपीएमध्ये सॉर्बिटॉल मिसळून बोरॉन काढण्याची वेगळी पद्धत आहे, पण तिचे निकषही वेगळे आहेत. अहवालावर बोरॉनच्या पुढे ‘अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन’ असे लिहिलेले आढळले तर थांबून चौकशी करावी. बोरॉनसाठी त्या यंत्राची संवेदनशीलता फारच कमी असते आणि अर्ध्या पीपीएमच्या आसपासचा निर्वाळा त्यावर देता येत नाही.

एककाचा घोटाळा तर नेहमीचाच आहे. १५ सेंटिमीटर खोलीच्या एका हेक्टर मातीचे वजन सुमारे २२.४ लाख किलो धरले, तर ०.५ पीपीएम म्हणजे हेक्टरी १.१२ किलो होतात. एका प्रयोगशाळेने किलोत दिलेला १.१२ हा आकडा दुसरीकडे पीपीएम म्हणून वाचला गेला, की कमतरता असलेली जमीन कागदावर सधन होते. एकूण बोरॉन आणि उपलब्ध बोरॉन यांचीही अशीच अदलाबदल होते. जमिनीतील एकूण बोरॉन किलोमागे २ ते १०० मिलिग्रॅम असू शकते आणि त्यातील अगदी थोडा अंश पिकाला मिळतो. अहवालात ३५ किंवा ४० पीपीएम असा आकडा दिसला, तर घाबरण्याआधी तो एकूण बोरॉनचा नाही ना, हे विचारावे.

या पायरीला खर्च काहीच येत नाही आणि ‘दोन प्रयोगशाळांचे जुळत नाही’ या तक्रारींपैकी पुष्कळ येथेच मिटतात.

दुसरी तपासणी: नमुन्याचा इतिहास

शेतात बोरॅक्स किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण कधी टाकले, बोरॉनयुक्त विद्राव्य खताची फवारणी कधी झाली आणि नमुना पावसाळ्याआधीचा आहे की नंतरचा, हे पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर असलेच पाहिजे. मातीच्या द्रावणात बोरॉन मुख्यतः भाररहित बोरिक आम्लाच्या रूपात असते, म्हणून ते पाण्याबरोबर सहज खाली वाहून जाते. घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळच्या बाजूला त्याचा जेमतेम दशांश. घाटाकडील मे महिन्यातील नमुना आणि ऑक्टोबरमधील नमुना यांचे आकडे वेगळे येणे हा दोष नव्हे.

भौगोलिक अंदाजाचाही येथे उपयोग होतो. आपल्या जमिनी बसाल्टपासून बनल्या आहेत आणि बसाल्टमध्ये मुळातच बोरॉन कमी असते. त्यामुळे पश्चिमेकडील तालुक्यांतील सर्वच नमुने दीड-दोन पीपीएम दाखवू लागले, तर मी जमिनीचे अभिनंदन न करता उकळण्याच्या भांड्याकडे पाहतो. शिरोळ-हातकणंगल्यातील खारवट, निचरा न होणाऱ्या जमिनी आणि मचूळ विहिरीवर भिजणारी शेते मात्र याला अपवाद आहेत. तेथे जास्त बोरॉन खरोखरच असू शकते आणि त्याचे मूळ पाण्यात असते.

नमुना खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा धुण्याच्या पावडरीच्या पिशवीत आलेला असेल, तर तो सरळ परत करावा. शेतकरी नाराज होतात, पण दुसरा उपाय नाही.

तिसरी तपासणी: तीन वेगवेगळे ब्लँक

माझ्या मते सगळ्या निवारणाचा कणा हाच आहे, म्हणून येथे घाई करू नये. बहुतेक प्रयोगशाळा एकच ब्लँक लावतात, तो म्हणजे शुद्ध पाण्यात अभिकर्मक, म्हणजे रंग आणणारे रसायन, घालून तयार केलेला. तो फक्त अभिकर्मकाचा रंग सांगतो. भांड्याने, गाळणकागदाने किंवा अर्काचा रंग घालवण्यासाठी टाकलेल्या कोळशाच्या भुकटीने काय मिसळले, हे त्याला माहीतच नसते, कारण तो त्या वाटेने गेलेला नसतो.

पहिला ब्लँक म्हणजे पाणी, बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) आणि ॲझोमेथीन-एच (बोरॉनशी पिवळा रंग देणारे अभिकर्मक). दुसरा म्हणजे मातीशिवाय संपूर्ण कृतीतून गेलेले पाणी: तेच भांडे, तीच पाच मिनिटांची उकळी, तोच गाळणकागद, कोळसा वापरत असाल तर तेवढाच कोळसा. तिसरा ब्लँक प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र असतो. त्यात मातीचा अर्क आणि बफर घ्यायचा, ॲझोमेथीन-एच घालायचे नाही, आणि त्याच्या जागी तेवढेच ॲस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण घालायचे.

आता या तिघांना एकमेकांशी ताडून पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या ब्लँकमध्ये फरक नसेल, तर भांडी आणि कागद निर्दोष आहेत. दुसरा जास्त असेल, तर उकळण्याचे भांडे, कागद आणि कोळसा यांपैकी एकेक बदलून पुन्हा लावावा आणि ज्या बदलाने फरक नाहीसा होतो तो गुन्हेगार समजावा. पहिलाच जास्त असेल, तर पाणी किंवा अभिकर्मक बिघडलेला आहे. तिसरा मोठा असेल, तर आपण बोरॉन न मोजता मातीतील सेंद्रिय रंग मोजत आहोत. एका दुपारच्या कामात दोष कोणत्या भागात आहे हे कळते आणि त्यापुढची तपासणी आंधळेपणाने करावी लागत नाही.

चौथी तपासणी: भांडी

प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काच म्हणजे बोरोसिलिकेट काच, आणि तिच्यात सुमारे १२ ते १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. थंड, तटस्थ पाणी तिच्यातून फारसे काही ओढून घेत नाही. पण काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ८ च्या पुढे असतो, आणि अशी माती त्या काचेत उकळली की काच हळूहळू झिजते व बोरॉन अर्कात येते. जुन्या, आतून धुरकट झालेल्या चंबूंमध्ये हे अधिक होते. काळ्या जमिनींचे आकडे नेहमी जास्त आणि जांभ्या जमिनींचे ठीक, असा नमुना दिसला तर हे कारण आधी धरावे.

उपाय स्वस्त आहे. उकळण्यासाठी पॉलिप्रोपिलीनची भांडी उकळत्या पाण्याच्या टबात ठेवून वापरता येतात, किंवा उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिक पिशवीत माती व पाणी सीलबंद करून ती पिशवी उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धतही वापरात आहे. क्वार्ट्झची भांडी उत्तम, पण आपल्या बजेटमध्ये ती सहसा बसत नाहीत. नरसाळी, अर्क साठवण्याच्या बाटल्या आणि प्रमाण द्रावणांच्या (ज्यांतील बोरॉन आधीच माहीत असते अशा द्रावणांच्या) बाटल्या या सगळ्या प्लास्टिकच्या हव्यात. मोजमापाच्या काचेच्या पिपेटने अर्क क्षणभर उचलला तर बिघडत नाही, त्यामुळे सगळेच काचसामान फेकून देण्याची गरज नाही. महत्त्वाची आहेत ती उकळणारी आणि साठवणारी भांडी.

ही भांडी बोरॉनसाठी वेगळी ठेवावीत, त्यांवर मार्करने खूण करावी आणि ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने व नंतर शुद्ध पाण्याने धुवावीत. काही धुण्याच्या पावडरींत परबोरेट किंवा बोरॅक्स असते, म्हणून या भांड्यांना पावडर लावूच नये.

पाचवी तपासणी: पाणी

‘आमच्या पाण्याचा टीडीएस शून्य आहे’ हे वाक्य मला प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकायला मिळते. टीडीएस मीटर पाण्यातील विद्युतभारित आयनांवरून वाचन देतो, आणि तटस्थ पाण्यातील बोरिक आम्लावर भार नसतो, त्यामुळे ते त्या मीटरला दिसत नाही. आरओचा पडदाही याच कारणाने बोरॉन नीट अडवत नाही. आयन-विनिमय रेझिन थकू लागले की सिलिका आणि बोरॉन सर्वांत आधी निसटतात, आणि वाहकता वाढेपर्यंत बोरॉन कितीतरी दिवस वाहत असते. ब्लँक एकदम न चढता आठवडाभर हळूहळू चढत गेला असेल, तर रेझिनची तारीख पाहावी.

काचेच्या भट्टीत ऊर्ध्वपातित केलेले आणि काचेच्या मोठ्या बाटलीत महिनाभर ठेवलेले पाणीही संशयास्पदच मानावे. तपासणीसाठी दुसऱ्या ठिकाणाहून प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणलेल्या पाण्याचा पहिला ब्लँक आणि आपल्या पाण्याचा पहिला ब्लँक शेजारी-शेजारी लावावा. फरक दिसला, की पाण्यासाठी दुसरी सोय होईपर्यंत बोरॉनचे काम बंद ठेवावे.

सहावी तपासणी: शेजारचे टेबल

एखादाच नमुना अचानक उडी मारतो, तेव्हा मी त्या टेबलावर आणि त्याच्या आजूबाजूला आणखी काय काय चालते ते पाहतो. माती परीक्षणाच्या खोलीत बोरॉनचे मोठे साठे उघडपणे ठेवलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी बोरॉन म्हणून पाहत नाही.

उपलब्ध नत्राच्या चाचणीत निघालेला अमोनिया पकडण्यासाठी बोरिक आम्लाचे द्रावण वापरतात. ते ४ टक्के असेल, तर लिटरला सुमारे ७ ग्रॅम बोरॉन असते. त्याच्या एका थेंबात, म्हणजे ०.०५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ३५० मायक्रोग्रॅम बोरॉन येते. आपल्या २५ ग्रॅम मातीत मर्यादेवर असते १२.५ मायक्रोग्रॅम. हा एक थेंब नमुन्याचा आकडा १४ पीपीएमने वाढवतो. सामू मापकाच्या कॅलिब्रेशनसाठी जो ९.२ चा बफर वापरतात, तोही बोरॅक्सचाच असतो. त्याचा एक थेंब सुमारे ०.८६ पीपीएमची भर घालतो, आणि ही भर अधिक धोकादायक आहे, कारण उत्तर अविश्वसनीय न वाटता ‘पुरेसे’ असे वाटते.

झुरळांसाठी कपाटाखाली टाकलेली बोरिक पावडर हा तिसरा साठा. चौथा ऐकून लोक हसतात, पण कॅरमची पावडरही बहुधा बोरिक आम्लाचीच असते, आणि दुपारच्या सुट्टीत कॅरम खेळून आलेल्या हातांनी मातीचे वजन केले तर त्या हातांचे बोरॉनही तराजूवर येते. नत्राचे टेबल आणि बोरॉनचे टेबल वेगळ्या भिंतींना लावावे, ढवळण्याच्या काड्या आणि धुण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि बोरॉनचे काम दिवसाच्या सुरुवातीला, नत्राचे यंत्र चालू होण्यापूर्वी उरकावे. एवढ्यावर उड्या थांबतात.

सातवी तपासणी: उकळी आणि गाळणी

पाच मिनिटे हा काळ उकळी फुटल्यापासून मोजायचा असतो, हॉटप्लेट चालू केल्यापासून नव्हे. एकाच हॉटप्लेटच्या मध्यभागी आणि कडेला तापमान सारखे नसते, त्यामुळे मधली भांडी आधी उकळतात आणि त्यांतून जास्त बोरॉन निघते. पाण्याच्या टबात सर्व भांडी एकाच वेळी ठेवली तर हा फरक जातो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळते, पण त्याची चिंता करण्याचे कारण नाही. रोजची उकळी एकसारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे.

उघड्या तोंडाच्या भांड्यातून वाफ जाते. ५० पैकी ५ मिलिलिटर पाणी उडाले, तर अर्क सुमारे ११ टक्क्यांनी घट्ट होतो. उकळण्याआधी आणि नंतर भांड्याचे वजन करून घट शुद्ध पाण्याने भरून काढावी, किंवा झाकणाच्या जागी थंड पाण्याचा कंडेन्सर लावावा. उकळल्यानंतर थंड होऊ देण्याचा वेळही ठरलेला असावा, कारण थंड होताना थोडे बोरॉन मातीच्या कणांवर परत बसते. सकाळची बॅच लगेच गाळली आणि दुपारची जेवणानंतर, तर दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत.

काळ्या मातीचे बारीक कण गाळणकागदातून सुटतात आणि अर्क गढूळ राहतो. साध्या पाण्याऐवजी ०.०१ किंवा ०.०२ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात उकळले, की चिकणमातीचे कण एकत्र येऊन बसतात आणि अर्क स्वच्छ येतो. चोपण जमिनींसाठी तर मी हा पर्याय ऐच्छिक मानत नाही.

आठवी तपासणी: रंग

ॲझोमेथीन-एचचा बोरॉनशी होणारा पिवळा रंग ४२० नॅनोमीटरवर वाचतात. मातीतील सेंद्रिय पदार्थांचा पिवळसर-तपकिरी रंगही नेमका त्याच भागात प्रकाश शोषतो, आणि गढूळपणाही तेथे वाचन वाढवतो. समजा नमुन्याचे वाचन ०.१८०, अभिकर्मकाच्या ब्लँकचे ०.०६० आणि नमुन्याच्या स्वतःच्या रंगाचे ०.०७० आहे. खरे बोरॉन ०.०५० एवढ्या वाचनाचे आहे. रंग वजा केला नाही, तर आपण ०.१२० म्हणजे दुपटीहून अधिक मोजतो. मळीच्या कंपोस्टवर पोसलेल्या ऊसक्षेत्रांचे आकडे फुगण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

कोळशाची भुकटी घालून रंग घालवता येतो, पण तिच्यात स्वतःचे बोरॉन असू शकते आणि जास्त घातली तर ती नमुन्यातील थोडे बोरॉन धरूनही ठेवते. मी कोळशापेक्षा प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र रंग-ब्लँक पसंत करतो. काम दुप्पट होते, हे खरे.

नववी तपासणी: अभिकर्मक आणि प्रमाण द्रावणे

ॲझोमेथीन-एच हवेने बिघडते, म्हणून १ टक्का ॲस्कॉर्बिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.४५ ग्रॅम, असे थोडेच आणि शक्यतो त्याच दिवशी करावे, आणि उरले तर गडद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावे. वीज गेल्यावर फ्रिज बंद पडतो, हे लक्षात ठेवून बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी. बफरमधील ईडीटीए लोह, ॲल्युमिनियम आणि तांब्याचा अडथळा दूर करते. खर्च वाचवण्यासाठी ते वगळलेले मी पाहिले आहे, आणि जांभ्या जमिनीच्या बाबतीत ही बचत अगदीच अस्थानी ठरते.

रंग तयार होणे तापमानावर अवलंबून असते. एप्रिल-मेमध्ये सकाळची आणि दुपारची खोली यांत दहा अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून प्रमाण द्रावणांच्या वाचनांवरून सकाळी काढलेला प्रमाण आलेख दुपारच्या नमुन्यांना लावू नये. प्रत्येक बॅचसोबत प्रमाण द्रावणे लावावीत आणि अभिकर्मक घातल्यापासून वाचनापर्यंत सर्वांना सारखाच अर्धा तास द्यावा.

प्रमाण द्रावणासाठी ०.५७२ ग्रॅम शुद्ध बोरिक आम्ल एक लिटर पाण्यात विरघळवले, की १०० पीपीएमचे द्रावण मिळते. हे आम्ल ओव्हनमध्ये वाळवू नये, कारण तापवल्यावर त्यातील पाणी निघून जाते आणि वजनातील बोरॉनचे प्रमाण बदलते. आणखी एक गोष्ट फार ठिकाणी राहून जाते. ०.५ पीपीएम माती म्हणजे एकास दोन अर्कात फक्त ०.२५ पीपीएम. सर्वांत कमी प्रमाण द्रावण १ पीपीएमचे असेल, तर आपला निर्णायक आकडा आलेखाच्या मोजलेल्या भागात येतच नाही. गुळाचे रवे तोलणाऱ्या काट्यावर सोने तोलावे, तसा हा प्रकार होतो. अर्काच्या हिशेबाने ०, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ पीपीएम अशी द्रावणे ठेवावीत. उणे उत्तरे येण्याचे कारणही बहुधा येथेच किंवा फुगलेल्या ब्लँकमध्ये मिळते.

दहावी तपासणी: घरचा नमुना आणि मुद्दाम मिसळलेले बोरॉन

आपल्याच परिसरातील दहा किलो माती सावलीत वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, नीट मिसळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी. प्रत्येक बॅचमध्ये तिचा एक भाग लावावा आणि येणारा आकडा तारखेनुसार वहीत लिहीत जावा. एक काळी आणि एक जांभी अशा दोन माती ठेवल्या तर अधिक चांगले. तीन-चार आठवड्यांत या मातीचा नेहमीचा पल्ला कळतो. ज्या दिवशी तिचा आकडा त्या पल्ल्याबाहेर जाईल, त्या दिवशीचा एकही अहवाल बाहेर जाऊ देऊ नये.

त्यानंतर ५ मिलिलिटर अर्कात १ पीपीएमच्या द्रावणाचा १ मिलिलिटर, म्हणजे १ मायक्रोग्रॅम बोरॉन, मुद्दाम मिसळून तेवढीच वाढ दिसते का ते पाहावे. वाढ ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान सापडली, तर रंगाची रसायनक्रिया ठीक आहे. हे बोरॉन अर्कात मिसळावे, मातीत नव्हे. मातीत मिसळले तर त्यातील काही भाग चिकणमाती व लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर चिकटतो आणि आपण मोजणीचा दोष शोधत असताना मातीचा गुणधर्म मोजून बसतो.

येथे थांबावे

वरील सर्व झाल्यानंतरही प्रमाण द्रावणांचा आलेख सरळ येत नसेल, किंवा एकाच क्युव्हेटचे (द्रावण ठेवण्याच्या पारदर्शक कुपीचे) वाचन मिनिटाभरात सरकत असेल, तर दोष रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या दिव्यात, तरंगलांबीच्या जुळणीत किंवा संवेदकात आहे. झाकण उघडू नये, आरशांना हात लावू नये; सेवा अभियंत्याला बोलवावे. आयसीपी यंत्र (मूलद्रव्ये त्यांच्या प्रकाशरेषांवरून मोजणारे) वापरणाऱ्यांनी स्वतः फक्त दोन गोष्टी कराव्यात. तीव्र प्रमाण द्रावणानंतर लगेच ब्लँक लावून बोरॉन नळीत मागे राहते का ते पाहावे, कारण बोरॉन तेथे चिकटून राहण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आणि २४९.७७ नॅनोमीटरच्या रेषेवरील उत्तर २०८.९६ च्या रेषेशी ताडून पाहावे, कारण पहिल्या रेषेजवळ लोहाची रेषा आहे. दोन्ही उत्तरे जुळत नसतील, तर पुढचे काम तज्ज्ञाचे आहे.

मोजणी निर्दोष ठरूनही पीक वेगळेच सांगत असेल, तर प्रयोगशाळेने आणखी उकळत बसू नये. जमीन कोरडी पडली की बोरॉन मातीत असूनही मुळांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर येते. सामू वाढला की ते मातीच्या कणांवर अधिक घट्ट बसते. उसाच्या पोंग्यातील वेडीवाकडी, आखडलेली पाने पावसाळ्यात पोक्का बोइंग या बुरशीजन्य रोगानेही तशीच दिसतात, आणि हा रोग बोरॅक्सने बरा होत नाही. अशा वेळी पानांचे विश्लेषण आणि मृदशास्त्रज्ञाची शेतभेट या दोन गोष्टी लागतात. जुन्या पानांच्या कडा व शेंडे करपत असतील, तर बोरॉन जास्त झाल्याची शक्यता आधी तपासावी आणि तोवर बोरॅक्सचा एक कणही टाकू नये. विहिरीच्या पाण्यात लिटरला ०.७ मिलिग्रॅमपर्यंत बोरॉन असेल तर सहसा अडचण येत नाही, ०.७ ते ३ पर्यंत पिकानुसार सावधगिरी लागते आणि ३ च्या पुढे ते पाणी सल्ल्याशिवाय वापरू नये.

कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पडताळणीसाठी नमुना पाठवताना मातीबरोबर घरच्या नमुन्याचा एक भाग, त्याच्या आकड्यांच्या वहीची प्रत, आपल्या पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि तिन्ही ब्लँकची वाचने पाठवावीत. नुसती माती पाठवली तर त्यांच्याकडून आणखी एक आकडा येतो, आणि आपल्याकडे आधीच दोन असतात.